घर पाच किलोमीटर हललं आणि देश बदलला (जर्मनी / नेदरलँड्स)

उंबरठा

जर्मनीतल्या आखनमध्ये चार वर्षं काढली, शिक्षण आणि पहिली नोकरी धरून. मग मास्ट्रिख्तला नोकरी लागली आणि फेब्रुवारी २०२० मध्ये बिऱ्हाड व्हाल्सला हलवलं. नेदरलँड्सच्या नकाशात उजवीकडे खाली जे शेपूट लोंबतं, त्याच्या टोकाला व्हाल्स आहे. आखनच्या मध्यवस्तीपासून जेमतेम पाच किलोमीटर, शहर बस जाते. मित्राच्या गाडीतून तीन फेऱ्यांत सामान हललं. सीमा म्हणजे रस्त्याकडेची एक निळी पाटी. तिसऱ्या फेरीला तर ती कधी मागे पडली तेही कळलं नाही.

मला वाटलं होतं, पेठ बदलल्यासारखं असेल. तेच ढग, तेच बटाटे. पहिल्याच दिवशी दारावरच्या नावापासून सुरुवात झाली.

आखनमध्ये घंटीवर आणि पत्रपेटीवर आडनाव नसेल तर तुम्ही अस्तित्वातच नसता. इमारतीला नंबर असतो, पण आतल्या फ्लॅटला बहुतेक वेळा नसतो. पोस्टमन आडनाव वाचून पत्र टाकतो, नाव सापडलं नाही तर पत्र परत. माझं आडनाव त्या एवढ्याशा पट्टीवर मावेना, म्हणून घरमालकाने शेवटची तीन अक्षरं छाटली. चार वर्षं मी छाटलेल्या आडनावाने विजेचं बिल भरत होतो. व्हाल्सला आल्याआल्या शहाणपणाने नावाची पट्टी छापून आणली आणि चिकटवत बसलो. शेजारीण कुंपणापलीकडून बघत होती. म्हणाली, "हे कशाला? नंबर आहे की दारावर!" इथे चार आकडे, दोन अक्षरं आणि घराचा नंबर, एवढ्यावर पत्र बिनचूक येतं. तुम्ही कोण आहात याच्याशी पोस्टाला कर्तव्य नाही.

मग पडदे. संध्याकाळी गल्लीतून चालत गेलं की प्रत्येक घराची बैठकीची खोली रस्त्यावर मांडलेली. दिवे लावलेले, माणसं सोफ्यावर, टीव्हीवर काय चाललंय तेही दिसतं. आखनमध्ये अंधार पडला की खिडक्यांवरची गुंडाळी शटरं खडखडत खाली यायची. मी सवयीने दोन वर्षं पडदे ओढून बसलो. शेवटी शेजारणीनेच विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?"

तिसरी गोष्ट आजारपणाची, आणि माझ्या मते खरी मेख इथे आहे. जर्मनीत तीन दिवसांपेक्षा जास्त आजारी असाल तर डॉक्टरचा दाखला लागतो, आणि मालकाला वाटलं तर तो पहिल्या दिवसापासून मागू शकतो. तापाने फणफणत वेटिंग रूममध्ये बसायचं, का तर आपल्याला ताप आहे हे सिद्ध करायला. मास्ट्रिख्तला पहिल्यांदा आजारी पडलो तेव्हा साहेबाला फोन केला आणि सवयीने लक्षणं सांगायला लागलो. त्याने अडवलं. म्हणाला, "मला सांगू नकोस, मला विचारायची परवानगीच नाही. कधीपर्यंत येशील असं वाटतं, तेवढं सांग." दाखला नाहीच. दुखणं लांबलं तर कंपनीने नेमलेला वेगळा डॉक्टर बघतो, आणि तोही काय झालंय ते मालकाला सांगत नाही.

तर माझा निष्कर्ष असा (चुकीचा असेल तर खोडा): जर्मन माणसाला तुमच्यावर विश्वास ठेवायला आधी कागद लागतो, आणि एकदा कागद दिला की तो तुमच्या वाटेला जात नाही. डच माणूस विश्वास आधीच ठेवतो, आणि नंतर तुमचं काय चुकलं ते तुमच्या तोंडावर सांगतो. न विचारता.

दोन्हीकडे राहिलेल्यांनी भर घालावी.

---

अळूवडी

मस्त धागा. मी ड्युसेलडॉर्फला, सातवं वर्ष. कागदाबद्दल शंभर टक्के मान्य, फक्त "वाटेला जात नाही" हे खोडते. रविवारी दुपारी एक वाजता काचेच्या बाटल्या कुंडीत टाकून बघ. माझ्या आईने टाकल्या होत्या. तिसरी बाटली खळकन फुटली आणि समोरच्या इमारतीत दोन खिडक्या उघडल्या. कोणी ओरडलं नाही, नुसतं बघितलं. आई अजून म्हणते, त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

रविवारची शांतता इथे नुसती रीत नाही, थेट राज्यघटनेत आहे. १९१९ च्या वायमार घटनेतलं कलम आजच्या घटनेत जसंच्या तसं उचललंय: रविवार हा विश्रांतीचा आणि मन उन्नत करण्याचा दिवस. त्यामुळे दुकानं बंद, ड्रिल बंद. बेकरी सकाळी काही तास उघडी, कारण ताज्या पावाशिवाय मन उन्नत होत नसावं.

---

उंबरठा

@अळूवडी, म्हणून तर रविवारी आणि जर्मन सुट्टीच्या दिवशी व्हाल्सच्या सुपरमार्केटबाहेर एकजात पांढऱ्या पाट्यांच्या गाड्या. सगळ्या 'आ-त्से', म्हणजे आखनच्या. डच गाड्यांच्या पाट्या पिवळ्या, त्यामुळे कोण कुठला हे लांबूनच ओळखू येतं. उलट आठवडाभर पिवळ्या पाट्या तिकडे, पेट्रोल, शांपू आणि लंगोटांसाठी.

---

तिरपागडा

पडद्यांना +१. बाटल्यांवरच्या अनामत रकमेबद्दल लिहा की, त्यात मी फसलोय.

---

उंबरठा

सगळेच फसतात. जर्मनीत एकदाच वापरायच्या बाटलीवर आणि डब्यावर २५ सेंट, हे २००३ पासून. इकडे मोठ्या प्लास्टिक बाटलीवर २५, छोट्या बाटलीवर जुलै २०२१ पासून १५, आणि पेयांच्या डब्यांवर तर थेट एप्रिल २०२३ पासून. पण तिकडची बाटली इकडच्या यंत्रात चालत नाही. यंत्र ती आत ओढून घेतं, गोल फिरवून वास घेतल्यासारखं करतं आणि परत थुंकतं. माझ्या फडताळात आता दोन पिशव्या आहेत.

सुट्ट्या पैशांचंही तसंच. एक आणि दोन सेंटची नाणी दोन्ही देशांत वैध, पण इकडे रोखीचं बिल २००४ पासून पाच सेंटच्या पटीत करतात. आखनमधून आणलेली चिल्लरीची बरणी तशीच पडून आहे. तसं रोख फारसं कोणी वापरतही नाही. आखनच्या बेकरीत 'फक्त रोख' अशी पाटी होती, इथल्या बेकरीत 'फक्त कार्ड'. मी दोन्ही ठिकाणी चुकीची गोष्ट हातात घेऊन उभा राहिलेलो आहे.

---

शेवंती

आधी श्टुटगार्ट, आता आइंडहोवन. वाढदिवसाबद्दल कोणीच कसं लिहिलं नाही?

जर्मनीत वाढदिवसाच्या आधी शुभेच्छा द्यायच्या नाहीत, एक दिवस आधीसुद्धा नाही. अपशकुन. मी शुक्रवारी ऑफिसातून निघताना एका बाईंना "रविवारसाठी आत्ताच शुभेच्छा" म्हटलं, तर त्यांचा चेहरा असा झाला की जणू मी त्यांच्या तेराव्याला आलेय.

इकडे आले आणि पहिल्याच महिन्यात शेजाऱ्यांच्या मुलीच्या वाढदिवसाचं बोलावणं. मी आपली भूक ठेवून गेले. बैठकीच्या खोलीत घरातल्या यच्चयावत खुर्च्या गोल मांडलेल्या, स्वयंपाकघरातलं स्टूल आणि बागेतली प्लास्टिकची खुर्चीसुद्धा. वीसेक माणसं. दारातून आत आलेला प्रत्येक जण त्या पूर्ण गोलाला फेरी मारतो, प्रत्येकाशी हात मिळवतो आणि अभिनंदन करतो. वाढदिवस मुलीचा, पण "मुलीबद्दल अभिनंदन", "नातीबद्दल अभिनंदन", "भाचीबद्दल अभिनंदन". माझंही झालं: "शेजारच्या मुलीबद्दल अभिनंदन!" मग केकचा एक तुकडा आणि कॉफी. दुसऱ्या कॉफीबरोबर एक बिस्कीट, मग डबा बंद. साडेपाचच्या सुमारास सगळे एकदम उठले, कारण सहाला प्रत्येकाचं आपापल्या घरी जेवण. घरी येऊन मी खिचडी टाकली.

आणि सगळ्यांचे वाढदिवस त्यांच्या लक्षात कसे राहतात, तर संडासात कॅलेंडर टांगलेलं असतं. वार नसलेलं, फक्त तारखा, वर्षानुवर्षं तेच. माझं नाव शेजाऱ्यांच्या संडासात लागलं तेव्हा मी खरी इथली झाले. (हलके घ्या.)

मुलांच्या शाळेतही फरक जाणवला. थोरल्याची सुरुवात श्टुटगार्टला, सहाव्या वर्षी. पहिल्या दिवशी त्याच्या छातीएवढा पुठ्ठ्याचा शंकू, आत खाऊ आणि पेन्सिली. आजी-आजोबा, फोटो, समारंभ. धाकटी इथे चार वर्षांची झाली आणि दुसऱ्या दिवशी शाळेत. वर्ष मधूनच सुरू. मूल चारचं झालं की यायचं, मग तो नोव्हेंबरचा मंगळवार का असेना. बाईंनी एका रिकाम्या खुंटीवर तिचं नाव लावलं. झाला प्रवेशोत्सव.

बाळंतपणाला मात्र माझं मत इकडे. धाकटीच्या वेळी घरी बाई यायची, आठ दिवस, रोज काही तास. बाळाला अंघोळ, माझी तपासणी, थोरल्याचा डबा, आणि पाहुणे जास्त वेळ रेंगाळले तर त्यांना दार दाखवायचं कामही तिचंच. विम्यात बसतं हे सगळं, थोडे पैसे आपले. पाहुण्यांना टोस्टवर लोणी आणि त्यावर बडीशेपेसारख्या अॅनिसच्या गुलाबी-पांढऱ्या गोळ्या. आपली मुखवासाची बडीशेप आठवा, तिचीच बहीण! आई म्हणाली, बाळंतिणीला बडीशेप हवीच, यांना कोणी सांगितलं?

---

पाणचक्की

रॉटरडॅमला बारा वर्षं. धागा वाचताना मजा आली, पण दोन गोष्टी टोचल्या.

एक, व्हाल्स म्हणजे नेदरलँड्स नव्हे. ते ज्या लिम्बुर्ग प्रांतात आहे तो कॅथलिक पट्टा. खाण्यापिण्याची हौस, कार्निव्हल, घोळवून बोलणं. तिथल्या माणसाला तुम्ही फटकळ म्हणता, मग इकडे या. माझ्या नव्या केसांबद्दल लिफ्टमध्ये एक जण म्हणाला, "आधीचे बरे होते." मी त्याला ओळखतही नव्हते.

दोन, आणि हे गंभीर आहे. "विश्वास आधीच ठेवतो"? बालसंगोपन भत्त्याचं प्रकरण विसरलात का? इथल्या करखात्याने हजारो पालकांना लबाड ठरवलं, काहींना फॉर्मवरच्या किरकोळ चुकीपायी, आणि वर्षानुवर्षांची रक्कम परत मागितली. घरं गेली, संसार मोडले. दुहेरी नागरिकत्व असलेल्यांवर जास्त नजर होती हेही बाहेर आलं. जानेवारी २०२१ मध्ये अख्ख्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला त्यापायी. साहेब ताप विचारत नाही हे छानच आहे. पण सरकारी संगणकाला तुमचं आडनाव खटकलं की कुठला विश्वास आणि कसलं काय. जर्मनीत निदान कागद मागतात, आणि कागद असला की आपण सुरक्षित असतो.

डॉक्टरचंही तेच. तिकडे त्वचेच्या डॉक्टरकडे स्वतःहून जाता येतं. इथे आधी घराजवळचा डॉक्टर, त्याने चिठ्ठी दिली तरच पुढे. आणि तो म्हणणार पॅरासिटामॉल घ्या, दोन आठवडे वाट बघा. माझा खांदा त्या दोन आठवड्यांत सात वेळा अडकला.

---

अळूवडी

पाणचक्कीताई, स्वतःहून जाता येतं हे खरं, पण वेळ तीन महिन्यांनंतरची मिळते. तोवर पॅरासिटामॉलच.

---

उंबरठा

@पाणचक्की, भत्त्याच्या प्रकरणाबद्दल तुमचं म्हणणं बिनशर्त मान्य. मी शेजारी आणि साहेब बघून लिहिलं, सरकार बघून नाही. निष्कर्ष दुरुस्त करतो: विश्वास माणसामाणसांतला, खात्याचा नव्हे. लिम्बुर्गबद्दलही बरोबर. व्हाल्सच्या म्हाताऱ्यांची बोली आणि आखनची जुनी बोली इतकी जवळची आहे की शेजारणीचे वडील आखनच्या बाजारात डच बोलतच नाहीत, जर्मनही नाही. त्यांच्यासाठी परका देश म्हणजे रॉटरडॅम!

---

आगंतुक

भाषेचा विषय निघालाच आहे तर माझे दोन पैसे. मी भाषांतराचं काम करतो, दोन्हींतून.

डचमध्ये 'बेलन' म्हणजे फोन करणं. जर्मनमध्ये 'बेलन' म्हणजे भुंकणं. डच माणूस जर्मन गिऱ्हाइकाला मोडक्या जर्मनमध्ये प्रेमाने सांगतो, "उद्या सकाळी तुमच्यावर भुंकतो." डच 'स्लिम' म्हणजे हुशार, जर्मन 'श्लिम' म्हणजे वाईट. डच 'विंकल' म्हणजे दुकान, जर्मन 'विंकल' म्हणजे कोन. डच 'मेअर' म्हणजे तळं आणि 'झे' म्हणजे समुद्र. जर्मनमध्ये 'मेअर' समुद्र आणि 'झे' बहुधा तळं. सहलीचा बेत ठरवताना हे आधी नक्की करा.

पण मराठी माणसाला या दोन्ही भाषा इंग्रजाइतक्या विचित्र वाटू नयेत. तेवीसला दोघेही 'तीन आणि वीस' म्हणतात. इंग्रज डोकं धरतो, पण आपल्या तेवीसमध्येही तीन आधीच आहे. दीडला दोघांकडे स्वतंत्र शब्द आहे, 'अँडरहाल्फ' आणि 'आंडरथाल्ब'. आणि घड्याळात अडीच वाजले की दोघेही 'अर्धे तीन' म्हणतात. नवीन आलेला परदेशी इथे हमखास तासभर उशिरा पोचतो. आपला 'अडीच' संस्कृत 'अर्धतृतीय'वरून आला, म्हणजे तिसरा अर्धा. अगदी तेच गणित!

तू-तुम्हीचा फरक मात्र खरा. आखनच्या कार्यालयात एका बाईंशी मी तीन वर्षं अहो-जाहो करत होतो. मग एका शुक्रवारी त्यांनी रीतसर, हात पुढे करून, "आता आपण एकमेकांना तू म्हणूया का?" असं विचारलं. साखरपुडा झाल्यासारखं वाटलं. डच साहेबाला मी पहिल्या मुलाखतीत 'आपण' म्हटलं तर त्याने मागे वळून बघितलं, कोणी आलंय का.

---

तिरपागडा

'भुंकतो' वाचून चहा सांडला. केर्कराडेचा रस्ताही दोन्ही देशांत आहे ना?

---

उंबरठा

हो, केर्कराडे आणि हेर्त्सोगेनराथ यांच्यामधला. एकच रस्ता, दोन नावं: डच बाजूला 'निउवस्ट्राट', जर्मन बाजूला 'नॉयश्ट्रासे'. दोन्हींचा अर्थ नवा रस्ता. सीमा त्याच्या लांबीने जाते. मध्ये बुटकी भिंत होती, ती १९९० च्या दशकात काढली. आता डाव्या फुटपाथवर नारिंगी पत्रपेटी, उजव्या फुटपाथवर पिवळी. समोरच्या घराला पत्र टाकलं तर आंतरराष्ट्रीय टपाल. त्यापेक्षा रस्ता ओलांडून हातात द्यावं.

ही सीमा खरी जाणवली ती २०२० मध्ये. बेल्जियमने रस्ते अडवले होते, डच-जर्मन रस्ते उघडे राहिले. पण एप्रिलअखेरपासून आखनच्या दुकानात मास्क सक्तीचा, व्हाल्सच्या दुकानात थेट १ डिसेंबरपर्यंत नाही. डच बसमध्ये मास्क सक्तीचा झाला तोही १ जूनपासून. तोवर बस व्हाल्सहून निघाली की मी निळी पाटी बघून मास्क वर करायचो. विषाणूला ती पाटी वाचता येत असावी. आणि सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने तपासणी सुरू केलीय, त्यामुळे बसमध्ये मधूनच पोलीस चढतात. आमच्यासारख्या रंगाच्या माणसाने खिशात राहण्याचा परवाना ठेवलेला बरा. एवढंच लिहितो.

आणखी एक. दरवर्षी ४ मे, रात्री आठ वाजता इथे युद्धात गेलेल्यांसाठी दोन मिनिटं सगळं थांबतं. पहिल्या वर्षी मला माहीत नव्हतं. मी बागेत झारी घेऊन उभा, आणि एकदम शेजारच्या रेडिओचा आवाज गेला, रस्त्यावरची गाडी थांबली. शेजारीण दारात उभी, हात बांधून. मी झारी खाली ठेवली. त्या शांततेत पलीकडे आखनकडे जाणाऱ्या रस्त्याची घरघर ऐकू येत होती. तिकडे तो साधा दिवस होता. हा भाग सप्टेंबर १९४४ मध्येच मुक्त झाला आणि आखन २१ ऑक्टोबरला पडलं, दोस्तांच्या हाती गेलेलं पहिलं मोठं जर्मन शहर. तिच्या वडिलांना तोफांचा आवाज आठवतो, म्हणाली. त्याच वडिलांची बायको आखनची.

---

नवशिका

नमस्कार, धागा खूप उपयोगी. मला आखनला मास्टर्सला प्रवेश मिळालाय. व्हाल्समध्ये खोली लवकर मिळते असं ऐकलं. जर्मन व्हिसावर तिथे राहता येईल का? रोज बसने जाईन.

---

उंबरठा

@नवशिका, सावध. तिथे राहणारे बरेच विद्यार्थी युरोपीय पासपोर्टवाले असतात, त्यांचं बघून ठरवू नकोस. जर्मन परवान्यावर नेदरलँड्समध्ये १८० दिवसांत ९० दिवस फिरता येतं, बिऱ्हाड करता येत नाही. पत्त्याची नोंदणी जर्मनीतच हवी, आणि तिच्यावर बँक, विमा, परवाना सगळं टांगलेलं. विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाला ईमेल करून लेखी उत्तर घे. आणि घंटीवर पूर्ण आडनाव मावतंय का, ते भाडेकरारावर सही करायच्या आधी बघ.

---

पाणचक्की

भाजीपाल्याचा एक सल्ला राहिला. जर्मनीतून कोणी पाहुणे येणार असतील तर त्यांना इकडे सुरीनामी (सुरीनाम म्हणजे दक्षिण अमेरिकेतली जुनी डच वसाहत) दुकानात न्या. कारलं, भेंडी, हात-हातभर लांब चवळीच्या शेंगा. १८७३ पासून भारतातून मजूर म्हणून सुरीनामला नेलेल्यांचे हे वंशज, १९७५ च्या आसपास मोठ्या संख्येने इकडे आले. दुकानातल्या आजीबाई भोजपुरी वळणाचं बोलतात. त्यांनी मला पहिल्यांदा "का चाही?" विचारलं तेव्हा मी शेंगांची जुडी हातात धरून नुसतीच उभी राहिले. डच विसरले, हिंदीही सुचेना.

---

उंबरठा

@पाणचक्की, व्हाल्समध्ये असलं दुकान नाही हो. कारल्यासाठी मला हेरलेन नाहीतर आखनचा तुर्की दुकानदार. तो जुडी तोलताना 'तू' म्हणतो, बिल देताना 'आपण'.

आज १ नोव्हेंबर, पलीकडे सुट्टी. खिडकीतून मोजल्या, गल्लीच्या टोकापर्यंत अकरा 'आ-त्से' उभ्या आहेत. संध्याकाळी जेवायला माणसं येणार आहेत आणि घरात कोथिंबीर नाही. निघतो, नाहीतर तीही तिकडेच जायची.